पऱ्हे तेच, बांधी वेगळी

(गोंदिया येथे झालेल्या स्मृतिव्याख्यानाचा संपादित मजकूर)



आजचा विषय शे-दीडशे ग्रॅमचा आहे. टेस्ट ट्यूब बेबीच्या, म्हणजे आयव्हीएफच्या, उपचारात गर्भ प्रयोगशाळेत तयार होतो. तो त्याच महिन्यात, ताजा असतानाच आईच्या पिशवीत सोडला, तर जन्माला येणारं बाळ सरासरीने थोडं हलकं भरतं. तोच गर्भ गोठवून ठेवला आणि महिन्या-दोन महिन्यांनी सोडला, तर बाळ थोडं जड भरतं. गेल्या वीस वर्षांत देशोदेशीच्या नोंदींतून हे पुन्हा पुन्हा दिसलं आहे.

धानाच्या जिल्ह्यात हा विषय कशाला, असं मला संयोजकांपैकी एकाने मोकळेपणाने विचारलं. इथे आयव्हीएफ परवडणारी घरं किती? प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं की, एक तर अशी घरं वाटतात त्यापेक्षा जास्त आहेत, फक्त ती बोलत नाहीत. आणि दुसरं, या शे-दीडशे ग्रॅममधून जे कळलं ते आयव्हीएफचं तोंडही न पाहणाऱ्या, श्रावणात गुडघाभर चिखलात रोवणी करणाऱ्या बाईलाही लागू पडतं. व्याख्यानाचा बराचसा भाग मी या दुसऱ्या मुद्द्याकडे जाण्यासाठी वापरणार आहे.

आधी ती न बोलणारी घरं. लग्नाला पाच-सात वर्षं झाली, घरात पाळणा हलला नाही, की नागपूरची गाडी धरायची किंवा रायपूरची. गोंदिया या दोन शहरांच्या मधे, मुंबई-हावडा मार्गावर आहे, त्यामुळे दोन्ही दिशा मोकळ्या. शेजाऱ्यांना सांगायचं, "दवाखान्यात चाललो." कोणत्या, ते नाही सांगायचं. एका वेळच्या उपचाराला लाख-दीड लाख लागतात, कधी त्याहून जास्त. त्यासाठी धानाची बांधी विकलेलं घर मला माहीत आहे. दिवस गेले की बाळंतपण मात्र गोंदियात, माहेरच्या गावाजवळ, आणि तिथल्या डॉक्टरला नागपूरची फाइल दाखवली जात नाही. मी बालरोगतज्ज्ञ. माझ्यापर्यंत ही गोष्ट पोचते ती बाळ हातात आल्यावर, आणि तीही आजीच्या तोंडून. एका आजीबाईंनी दार लोटून घेतलं आणि हळूच विचारलं, "मॅडम, बर्फातलं लेकरू आहे म्हणतेत, याले सर्दी त नाही होणार?"

नाही होणार. गर्भ ठेवतात तो बर्फात नव्हे, द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे 196 अंश सेल्सिअसला. पूर्वी गर्भ हळूहळू गोठवत. त्यात पेशींच्या आत पाण्याचे स्फटिक होत आणि बरेच गर्भ निकामी होत. आता पेशीतलं पाणी काढून घेऊन, संरक्षक द्रावण भरून, क्षणार्धात गोठवतात. त्यामुळे स्फटिक बनायला सवडच मिळत नाही आणि वितळवल्यावर बहुतेक गर्भ जिवंत निघतात. आपल्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत रेतनाच्या कांड्या ज्या डब्यात असतात, त्या डब्यातही हाच नायट्रोजन असतो. अर्थात हे उदाहरण आजीबाईंसमोर द्यायचं नसतं.

आता ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान आहे त्या बाईंविषयी. त्यांना कोणी सिस्टर म्हणत नसे, सगळे "बाई"च म्हणत. त्यांनी आयुष्यभर बाळांची वजनं केली. स्प्रिंगचा काटा तुळईला टांगायचा, आधी रिकामी झोळी अडकवून काटा शून्यावर आणायचा, मग त्यात बाळ. बाळ हातपाय झाडतं, काटा नाचतो. बाकीचे अंदाजाने आकडा सांगत. बाई थांबत. बाळ क्षणभर शांत झालं की वाचत आणि लिहीत: दोन किलो चारशे तीस. वहीत इतरांच्या अक्षरात बघाल तर अडीच, अडीच, अडीच अशी रांग. अडीच किलोच्या खाली "कमी वजनाचं बाळ" अशी जागतिक आरोग्य संघटनेची रेघ आहे. रेघेखालच्या बाळासाठी जास्तीची नोंद, जास्तीच्या भेटी, जास्तीची विचारपूस, म्हणून दोन-चारशे-तीसचं अडीच होतं. जगभर जन्मवजनाच्या तक्त्यांत अडीच किलोवर असा ढीग साचलेला दिसतो. बाईंच्या अक्षरातल्या नोंदींत तो नाही. त्या वह्या पाहिल्यावर शे-दीडशे ग्रॅम ही क्षुल्लक गोष्ट आहे असं मला कधी वाटलं नाही.

हा फरक पडतो कशाने, ते समजायला उपचार कसा चालतो ते थोडं पाहावं लागेल. बाईच्या शरीरात महिन्याला एक बीज पिकतं. उपचारात आठ-दहा दिवस रोज इंजेक्शनं देऊन एका वेळी दहा-पंधरा बीजं पिकवतात. प्रत्येक पिकणारं बीज इस्ट्रोजेन सोडतं. नेहमीच्या महिन्यात बीज फुटायच्या वेळी रक्तातलं इस्ट्रोजेन दोन-तीनशे पिकोग्रॅमपर्यंत जातं, इंजेक्शनांनंतर ते दोन-तीन हजारांवर जाऊ शकतं. मग भूल देऊन बीजं काढतात, शुक्राणूंशी संयोग घडवतात, आणि तिसऱ्या किंवा पाचव्या दिवशी गर्भ पिशवीत सोडतात. म्हणजे ताजा गर्भ जिथे रुजायचा ते अस्तर त्या वेळी संप्रेरकांच्या पुरात असतं. गोठवलेल्या गर्भाच्या बाबतीत हा पूर ओसरेपर्यंत थांबतात.

इथल्या शेतकऱ्याला हे समजावण्याची गरज नाही. चिखलणी झाल्या झाल्या, गढूळ पाणी हलत असताना रोवलेलं पऱ्ह्याचं रोप आणि चिखल बसल्यावर रोवलेलं रोप सारखं धरत नाही. पऱ्हे तेच, बांधी वेगळी.

हे सगळं जगाला अलीकडे सुचलं असं आपण समजतो. पण इथे एक जुनी गोष्ट सांगायलाच हवी, आणि ती आपल्याच रेल्वेमार्गाच्या दुसऱ्या टोकाची आहे. 25 जुलै 1978 रोजी इंग्लंडमध्ये लुईस ब्राउन जन्मली, जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी. त्यानंतर सत्तरच दिवसांनी, 3 ऑक्टोबर 1978 रोजी, कोलकात्यात एक मुलगी जन्मली. तिला दुर्गा म्हणून ओळखलं गेलं, तिचं नाव कनुप्रिया. डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी मोजक्या साधनांत हे केलं होतं. त्यांनी संप्रेरकांची इंजेक्शनं देऊन बीजं पिकवली. गर्भ तयार झाल्यावर तो लगेच न सोडता गोठवला, 53 दिवस ठेवला आणि पुढच्या एका शांत महिन्यात आईच्या पिशवीत सोडला. इंग्लंडच्या मंडळींनी लुईसच्या वेळी इंजेक्शनंही वापरली नव्हती आणि गोठवणंही केलं नव्हतं. ऑस्ट्रेलियात गोठवलेल्या गर्भातून पहिलं बाळ जन्मलं ते 1984 साली. आज "सगळे गर्भ गोठवा, नंतर सोडा" ही पद्धत जगभर चालते. तिचा सारा आराखडा 1978 साली कोलकात्यात होता.

पुढे काय झालं ते तुम्हाला माहीत असेल. राज्य सरकारने चौकशी समिती नेमली, समितीला त्यांचं म्हणणं पटलं नाही, परदेशी जाऊन काम मांडायची परवानगी मिळाली नाही, आणि शेवटी त्यांची बदली नेत्ररोगाच्या संस्थेत झाली. 19 जून 1981 रोजी त्यांनी आत्महत्या केली. तपन सिन्हांचा "एक डॉक्टर की मौत" हा चित्रपट याच कहाणीवर बेतलेला आहे.

रेल्वेच्या या टोकाला, मुंबईत, 6 ऑगस्ट 1986 रोजी केईएम रुग्णालयात हर्षा चावडा जन्मली. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्या प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंद कुमार यांचं ते काम. भारतातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी म्हणून तेव्हा तिचंच नाव झालं. 1997 साली आनंद कुमार कोलकात्याला गेले असताना त्यांच्या हाती मुखोपाध्यायांची टिपणं आली. त्यांनी ती वाचली, आणि पहिलेपणाचा मान आपला नसून मुखोपाध्यायांचा आहे असं छापून जाहीर केलं. स्वतःच्या नावावर जमा झालेली गोष्ट दुसऱ्याच्या खात्यात लिहून देणारा शास्त्रज्ञ विरळा. मला या प्रकरणात हाच भाग सगळ्यात मोठा वाटतो, चित्रपट मात्र दुसऱ्या भागावर झाला. असो.

पुराव्याकडे येऊ. 2002 साली अमेरिकेतल्या नोंदींतून असं दिसलं की, आयव्हीएफचं बाळ एकटं असलं, जुळं नसलं, पूर्ण दिवसांचं असलं, तरी कमी वजनाचं असण्याची शक्यता अडीच पटीहून जास्त होती. लगेच शंका निघाली: हा दोष उपचाराचा की मुळात मूल न होणाऱ्या जोडप्याचा? ज्या बाईला दिवस राहत नाहीत तिच्या पिशवीतच काही उणं असेल, वय जास्त असेल. मग तुलना कोणाशी करायची?

डेन्मार्कने यावर नामी युक्ती केली. तिथे प्रत्येक जन्माची नोंद आयुष्यभर एका क्रमांकाला जोडलेली असते. त्यांनी सख्खी भावंडं शोधली: एक उपचारातून झालेलं, दुसरं आपसूक राहिलेलं. आई तीच, पिशवी तीच. उपचारातली बाळं आपल्याच भावंडांपेक्षा सरासरी 65 ग्रॅम हलकी निघाली. मग ज्यांचं एक भावंड ताज्या गर्भातून आणि दुसरं गोठवलेल्या गर्भातून झालं, अशी घरं पाहिली. गोठवलेल्या गर्भाची बाळं 167 ग्रॅमने जड निघाली. हे 2011 साली छापलं गेलं. तेव्हापासून "आईच वेगळी" ही पळवाट पुष्कळशी बंद झाली.

तरी एक प्रश्न उरतो. फरक पुराच्या अस्तराने पडला की गोठवण्यानेच गर्भात काही बदल झाला? त्याचं उत्तर परक्या बीजावरच्या उपचारातून मिळालं. कधी कधी बाईचं स्वतःचं बीज कामाचं नसतं, तेव्हा दुसरीचं बीज घेतात. अशा वेळी इंजेक्शनं बीज देणारीला दिली जातात, गर्भ सोडला जातो तो इंजेक्शनं न घेतलेल्या बाईच्या पिशवीत. अमेरिकेतल्या 2004 ते 2006 या काळातल्या नोंदी तपासल्या तेव्हा स्वतःच्या बीजावर ताजा गर्भ सोडलेल्या बायांमध्ये कमी वजनाच्या बाळांचं प्रमाण गोठवलेल्या गर्भापेक्षा स्पष्ट जास्त होतं. परक्या बीजाच्या बाबतीत मात्र ताजं काय नि गोठवलेलं काय, फरक नव्हता. म्हणजे बोट अस्तराकडेच वळतं.

सगळं इतकं सोपं नाही, हेही सांगते. गर्भ प्रयोगशाळेत ज्या द्रावणात पाच दिवस वाढतो त्या द्रावणानेही वजन बदलतं. नेदरलँड्समध्ये दोन द्रावणांची रीतसर चिठ्ठ्या टाकून तुलना केली, तर बाळांच्या वजनात 158 ग्रॅमचा फरक पडला. जनावरांमध्ये हे आधीच लक्षात आलं होतं: प्रयोगशाळेत वाढवलेल्या गर्भातून कधी कधी वासरं आणि कोकरं अवाढव्य जन्मतात, आईला विताना त्रास होतो. मटराच्या दाण्याएवढाही नसलेला, डोळ्यांना जेमतेम टिंबासारखा दिसणारा गर्भ पाच दिवसांत कुठे राहिला, याचा हिशोब नऊ महिन्यांनी तराजूवर दिसतो. माझ्या पिढीच्या डॉक्टरांना कॉलेजात शिकवलं होतं की वजन भरतं ते शेवटच्या तीन महिन्यांत. भरतं तेव्हाच, पण किती भरायचं याचा बराचसा निर्णय त्याआधी होऊन गेलेला असतो.

आता या जास्तीच्या ग्रॅमची किंमत. गोठवलेला गर्भ चांगला, बाळ गुटगुटीत, मग वादच मिटला, असं वाटेल. चीनमध्ये 2016 साली पीसीओएस, म्हणजे बीज नियमित न फुटण्याचा अंडाशयाचा विकार, असलेल्या 1508 बायांचा मोठा अभ्यास झाला. गोठवलेल्या गर्भाच्या गटात 49.3 टक्के बायांना मूल झालं, ताज्या गर्भाच्या गटात 42 टक्के. अंडाशय सुजून पोटात पाणी होण्याचा जिवावरचा त्रास 7.1 टक्क्यांवरून 1.3 टक्क्यांवर आला. हे सगळं जमेच्या बाजूला. पण गरोदरपणात रक्तदाब वाढून लघवीत प्रथिनं जाण्याचा विकार, ज्याच्या पुढच्या टप्प्याला आपल्याकडे नुसतं "झटके आले" म्हणतात, तो 1.4 टक्क्यांवरून 4.4 टक्क्यांवर गेला. तिपटीहून जास्त. 2019 साली पीसीओएस नसलेल्या बायांवर झालेल्या दुसऱ्या चिनी अभ्यासातही हेच: मूल होण्याचं प्रमाण वाढलं, आणि हा विकार एक टक्क्यावरून तीन टक्क्यांवर गेला. व्हिएतनाममधल्या अभ्यासात तर पीसीओएस नसलेल्या बायांना गोठवण्याचा मूल होण्याच्या दृष्टीने काही फायदाच दिसला नाही. तेव्हा सरसकट सगळ्यांचे गर्भ गोठवा, या मताची मी नाही.

रक्तदाब का वाढतो? दर महिन्याला बीज फुटलं की त्या जागी अंडाशयात एक पिवळसर गाठ तयार होते, तिला पीतपिंड म्हणतात. ही गाठ प्रोजेस्टेरॉन देते, शिवाय रिलॅक्सिन नावाचं संप्रेरक देते, ज्याने आईच्या रक्तवाहिन्या सैलावतात आणि वाढत्या रक्ताला जागा होते. गोठवलेला गर्भ सोडायच्या दोन वाटा आहेत. एकीत बाईचं स्वतःचं बीज आपसूक फुटू देतात आणि त्यानुसार दिवस ठरवतात. दुसरीत बीज फुटूच देत नाहीत, इस्ट्रोजेनच्या गोळ्या आणि मग प्रोजेस्टेरॉन देऊन अस्तर तयार करतात. या गोळ्यांच्या महिन्यात पीतपिंड नसतो. प्रोजेस्टेरॉन बाहेरून मिळतं, रिलॅक्सिन कोणी देत नाही. आणि रक्तदाबाचा विकार मुख्यतः याच वाटेने गेलेल्या बायांमध्ये वाढलेला दिसतो.

इथे आपला जिल्हा मधे येतो. आपसूक फुटणाऱ्या बीजाचा दिवस धरायचा तर तीन-चारदा सोनोग्राफी लागते, कधी एक दिवसाआड. नागपुरात राहणाऱ्या बाईला ते जमतं. अर्जुनी मोरगावच्या किंवा सालेकशाच्या बाईने काय करावं? पहाटे निघायचं, गोंदियाला गाडी बदलायची, संध्याकाळी परत, आणि परवा पुन्हा. रोजगार बुडतो, घरात प्रश्न होतात. गोळ्यांच्या वाटेत तारीख आधी ठरवता येते, फेऱ्या कमी. डॉक्टर सोयीचं ते सुचवतात, बाई सुटकेचा श्वास टाकते. म्हणजे जी सगळ्यात लांब राहते तिच्या वाट्याला रक्तदाबाचा धोका असलेली वाट येण्याची शक्यता जास्त, आणि झटके आल्यावर मोठा दवाखानाही तिलाच सगळ्यात लांब. यात कोणाची लबाडी नाही. अंतराचा हा परिणाम आहे.

आता मी म्हटलं होतं त्या दुसऱ्या मुद्द्याकडे येते. 65 ग्रॅम डेन्मार्कच्या साडेतीन किलोच्या बाळातून वजा झाले तर कोणाच्या लक्षातही येत नाही. आपल्याकडे ते कशातून वजा होतात? पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायांचा अभ्यास केला. पूर्ण दिवसांच्या बाळांचं सरासरी वजन तिथे 2.7 किलो भरलं, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनला 3.5 किलो. सरासरीच रेघेपासून दोनशे ग्रॅमवर. तिथे शंभर ग्रॅम इकडचे तिकडे झाले की कित्येक बाळं रेघेखाली जातात. शिवाय याज्ञिकांना असं दिसलं की आपलं बाळ दिसायला हडकुळं असलं तरी कातडीखालची चरबी राखून जन्मतं, उणं असतं ते स्नायू आणि आतल्या अवयवांत. पुढे याच मुलांना मधुमेह लवकर गाठतो. म्हणून नुसता जड आकडा पाहून पेढे वाटू नयेत.

त्याच अभ्यासात आणखी दोन गोष्टी निघाल्या. ज्या आयांच्या जेवणात हिरव्या पालेभाज्या, दूध, फळं जास्त वेळा होती त्यांची बाळं मोठी होती, मग एकूण उष्मांक तेवढेच का असेनात. आणि शेतातलं काम, पाणी वाहणं अशा कष्टांचा भार जास्त तिथे बाळ लहान. आपल्या झाडीपट्टीतल्या कोणत्याही बाईला यात नवल वाटणार नाही. रोवणीच्या दिवसांत दिवसभर वाकून, पाय पाण्यात, आणि डब्यात भात नि चटणी. पहिल्या दोन महिन्यांत तर ती गरोदर आहे हे तिलाच पक्कं माहीत नसतं.

मुंबईच्या वस्त्यांत डॉ. रमेश पोतदार आणि सहकाऱ्यांनी नेमका हाच काळ पकडला. लग्न झालेल्या, पण अजून दिवस न गेलेल्या बायांना त्यांनी रोज पालेभाजी, फळं आणि दूध घातलेला खाऊ दिला, सामोशासारखा, खमंग. 2014 साली निष्कर्ष आले. सगळ्यांचा मिळून फरक फार नव्हता. पण दिवस जाण्याच्या किमान तीन महिने आधीपासून ज्या खात होत्या त्यांची बाळं सरासरी 48 ग्रॅमने जड होती. 48 ग्रॅम! आणि ते औषधाने नाही, इंजेक्शनाने नाही, वेळ साधल्याने. आयव्हीएफचे डॉक्टर ज्याला अस्तर तयार करणं म्हणतात, तेच पोतदारांनी खाऊने केलं असं मी म्हणेन. हे माझं म्हणणं आहे, त्यांनी असं म्हटलेलं नाही.

आता आपल्या योजना पाहा. आदिवासी भागात डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना 2015 साली आली, आपल्या देवरी प्रकल्पातही ती आहे. ती आली तेव्हा गरोदर बाईला अंगणवाडीत एक वेळचं पूर्ण जेवण द्यायचं ठरलं ते शेवटच्या तीन महिन्यांत, आणि बाळंतपणानंतर काही महिने. योजना चांगली आहे, मी तिच्या बाजूची आहे. शेवटच्या तीन महिन्यांतलं जेवण फुकट जात नाही. नेदरलँड्समध्ये 1944-45 च्या हिवाळ्यात जर्मन नाकेबंदीमुळे उपासमार झाली, तेव्हा ज्यांचे शेवटचे महिने उपाशी गेले त्यांची बाळं हलकी जन्मली. पण त्याच उपासमारीत ज्यांचे पहिले महिने उपाशी गेले आणि नंतर पोटभर मिळालं, त्यांची बाळं वजनाला ठीक होती, आणि ती बाळं पन्नाशीला पोचल्यावर हृदयविकार त्यांच्यातच जास्त निघाला. तराजूला ते दिसलं नव्हतं. तेव्हा सातव्या महिन्यात ताट वाढायचं हे बरोबर, पण नुकतं लग्न झालेल्या मुलीच्या ताटाकडे, हळद उतरायच्या आत, कोणी बघायचं? आज आहाराच्या कोणत्याही रजिस्टरात ती नाही. तिचं नाव लिहिलं जातं ते दिवस गेल्यावर, तेही बहुधा तिसऱ्या-चौथ्या महिन्यात.

तारखांचाही प्रश्न आहे. आयव्हीएफच्या बाईला गर्भ सोडल्याचा दिवस ठाऊक असतो, त्यामुळे बाळ कमी दिवसांचं की कमी वाढीचं हे लगेच सांगता येतं. बाकी बायांना पाळीची तारीख विचारली की उत्तर येतं, "पोळ्याच्या मागंपुढं", नाहीतर "मंडईच्या वेळी", म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या सुमारास. पंधरा दिवस इकडे तिकडे. दोन किलोचं बाळ समोर आहे, ते लवकर जन्मलं म्हणून लहान की पोटात उपाशी राहिलं म्हणून लहान, हे पहिल्या काही तासांत ठरवावं लागतं, कारण दोघांचे धोके वेगळे. आमच्या शेजारी गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी 39 गावांत घरोघरी नवजात बाळांची देखभाल करून दाखवली आणि 1999 साली नवजात मृत्यूंत 62 टक्के घट नोंदवली. त्या कामात गावातल्या बाईच्या हाती काटा होता. आज आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी घरी जाते ती त्याच कामाची पुढची पिढी. तिच्या वहीत पोळा लिहून ठेवायला जागा हवी. पोळ्याची तारीख पंचांगात सापडते.

एक शेवटचं, आणि ते इथे बसलेल्या डॉक्टरांसाठी, नागपूरहून आलेल्यांसाठी विशेष. डेन्मार्कमध्ये भावंडं सापडली कारण गर्भ सोडल्याची नोंद आणि जन्माचं वजन एका क्रमांकाखाली होतं. आपल्याकडे सहायक प्रजननाचा कायदा 2021 साली झाला, जानेवारी 2022 पासून लागू आहे, केंद्रांची राष्ट्रीय नोंदवही आहे. पण रोजच्या व्यवहारात नागपूरच्या फाइलचं शेवटचं पान "प्रेग्नन्सी टेस्ट पॉझिटिव्ह" हे असतं, आणि वजन लिहिलं जातं गोंदियाच्या गंगाबाई रुग्णालयाच्या नाहीतर एखाद्या ग्रामीण रुग्णालयाच्या वहीत. दोन्ही कागदांची गाठ पडत नाही. मी मोठ्या संशोधनाची मागणी करत नाही. बाईला परत पाठवताना तिच्या माता-बाल संरक्षण कार्डावर दोन ओळी लिहा: गर्भ ताजा की गोठवलेला, आणि गोठवलेला असेल तर बीज आपसूक फुटलं होतं की गोळ्यांवर अस्तर तयार केलं. जोडप्याला लाज वाटत असेल तर आडवळणाने लिहा, आम्हाला कळेल. गोळ्यांचं असेल तर सोळा आठवड्यांच्या आत कमी मात्रेची ॲस्पिरिन द्यायची की नाही हे इथल्या डॉक्टरला ठरवता येईल, आणि विसाव्या आठवड्यापासून उपकेंद्रातली सिस्टर दर पंधरा दिवसांनी तिचा रक्तदाब मोजेल. सालेकशाच्या उपकेंद्रातही ते यंत्र आहे, त्याला नागपूरची गाडी धरावी लागत नाही.